पॉल जॉर्ज दोनदा गेला, आणि दोन्ही संघ फायनलला पोहोचले

सोमवार, २३ जून २०२५. पहाटे साडेपाचला अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या फायनलचा सातवा सामना सुरू झाला तेव्हा घरात मी एकटा जागा होतो, आणि आवाज शून्यावर होता. ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध इंडियाना पेसर्स. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही, समुद्रकिनारा नाही. या दोन संघांत एक गोष्ट समान होती आणि समालोचनात तिचा उल्लेख व्हायला हवा तितका झाला नाही. दोघांनाही एकाच स्टारने ‘मला इथे राहायचं नाही’ असं सांगितलं होतं. पॉल जॉर्जने २०१७ मध्ये इंडियानाला आणि २०१९ मध्ये ओक्लाहोमाला. तो स्वतः त्या सकाळी कुठल्याच बाकावर नव्हता. त्याचा तेव्हाचा संघ फिलाडेल्फिया त्या मोसमात ८२ पैकी २४ सामने जिंकून एप्रिलमध्येच सुट्टीवर गेला होता.

हे आठवायचं कारण म्हणजे दर फेब्रुवारीत, ट्रेडची (संघांनी आपसात खेळाडू देण्या-घेण्याची) मुदत जवळ आली की, आणि दर जुलैत पुन्हा, नावं बदलून फिरणारा एक मजकूर. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचा सारांश असा: ‘एनबीएत आता मालकांचं नाही, खेळाडूंचं राज्य आहे. स्टारने ट्रेड मागितला की संघाचे हात बांधले जातात. तो म्हणेल त्या गावाला त्याला पाठवायचं, बदल्यात मिळेल ते पदरात घ्यायचं. करार म्हणजे रद्दी. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी निष्ठा होती.’ खाली कुणीतरी ‘यापेक्षा आपली आयपीएल बरी’ असं लिहितंच.

एकेक वाक्य घेऊ. क्रम मजकुरातला नाही, माझ्या सोयीचा.

‘बदल्यात मिळेल ते पदरात घ्यायचं’

२०१७ च्या जूनमध्ये जॉर्जच्या बाजूने पेसर्सना निरोप गेला: पुढच्या उन्हाळ्यात तो करार संपून मोकळा होणार आणि निघून जाणार, शक्यतो लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे. म्हणजे विकायला काढलेल्या मालाने स्वतःच आपल्यावर ‘वर्षभरात खराब होईल’ अशी चिठ्ठी लावली. यापेक्षा वाईट अवस्थेत कुणी बाजारात उभं राहत नाही. पेसर्सनी त्याला ओक्लाहोमाला दिलं आणि व्हिक्टर ओलाडिपो व डोमांटास साबोनिस घेतले. त्या रात्री सगळ्यांनी पेसर्सना वेड्यात काढलं. मीही काढलं होतं. एवढ्या मोठ्या खेळाडूचे एवढेच?

पुढच्याच मोसमात ओलाडिपोने सामन्यामागे २३.१ गुण केले, लीगमधला सर्वाधिक सुधारलेला खेळाडू ठरला आणि प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद मालिकांच्या) पहिल्या फेरीत लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडला सात सामने खेळायला लावले. मग दुखापतीने त्याचा घात केला. पण साबोनिस दोनदा ऑल-स्टार झाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पेसर्सनी त्याला सॅक्रामेंटो किंग्जला देऊन टायरीस हॅलिबर्टनला आणलं. २०२५ च्या फायनलच्या पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद उरले असताना विजयी बास्केट टाकणारा तो हाच.

(जाता जाता: एनबीएचे भारतातले पहिले सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, आणि ते नेमके पेसर्स विरुद्ध किंग्ज असेच होते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले, त्यामुळे त्यांच्यासाठी ते घरचंच कार्य. साबोनिस तेव्हा पेसर्सकडे. सव्वादोन वर्षांत तो समोरच्या संघाचा जावई होणार आहे, हे वरळीत कुणाच्या स्वप्नातही नसेल.)

आता ओक्लाहोमाची बाजू. जॉर्ज तिथे आला आणि २०१८ मध्ये, लेकर्स ‘थांबलो तर फुकटात मिळेल’ म्हणून हात बांधून बसलेले असताना, तिथेच चार वर्षांचा नवा करार करून बसला. एका वर्षात मन बदललं. जुलै २०१९ मध्ये, करार संपून मोकळा झालेला स्टार कवाय लेनर्ड लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सना म्हणाला की मी येतो, पण सोबत जॉर्ज हवा. जॉर्जनेही ओक्लाहोमाकडे ट्रेड मागितला.

मजकूर लिहिणाऱ्याला हा प्रसंग म्हणजे खेळाडूंच्या दादागिरीचा नमुना वाटतो. एक खेळाडू अजून ज्या संघात आलाही नाही त्या संघाला दुसऱ्या संघाचा तिसरा खेळाडू आणायला लावतो! पण सौद्याच्या टेबलावर बघा काय घडलं. क्लिपर्सना एकाच व्यवहारात दोन स्टार मिळत होते आणि नाही म्हटलं तर एकही नाही. हे थंडरचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय जॉर्जचा करार नवाकोरा, त्याला आजच विकायची थंडरला काही घाई नव्हती. अडला हरी इथे लॉस एंजेलिसचा होता. प्रेस्टींनी मागितलं: ड्राफ्टच्या (दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाच्या) पहिल्या फेरीचे पाच पिक, म्हणजे निवडीच्या पाच पाळ्या, दोन वर्षी क्लिपर्सची पाळी आपल्या आधी असेल तर पिक बदलून घेण्याचा हक्क, डॅनिलो गॅलिनारी, आणि एकच मोसम खेळलेला एक सडपातळ गार्ड, शे गिल्जस-अलेक्झांडर. मिळालं सगळं.

तो गार्ड २०२४-२५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि फायनलचाही. त्या पाच पिकपैकी एकावर, २०२२ मध्ये १२व्या क्रमांकाला, जेलन विल्यम्स घेतला गेला. फायनलच्या पाचव्या सामन्यात त्याने ४० गुण ठोकले. हॅलिबर्टनही २०२० च्या ड्राफ्टमध्ये १२वाच होता, हा आपला योगायोग.

‘हे एकच उदाहरण’ असं म्हणणाऱ्यासाठी आणखी एक. कार्मेलो अँथनीने २०११ मध्ये डेन्व्हरला भरीला घालून न्यूयॉर्क गाठलं. त्या सौद्यात डेन्व्हरने २०१६ चा पिक बदलून घेण्याचा हक्क खिशात टाकला होता. पाच वर्षांनी त्या हक्कामुळे ते नवव्या क्रमांकावरून सातव्यावर सरकले आणि जमाल मरे घेतला. २०२३ चं विजेतेपद मरेशिवाय डेन्व्हरला मिळालं असतं असं मला कुणी पटवून दाखवावं.

नेहमी असंच होतं का? नाही. विन्स कार्टरला टोरांटोने डिसेंबर २००४ मध्ये न्यू जर्सीला दिलं त्याची जखम तिथले लोक अजून दाखवतात. आलेल्यांपैकी अलॉन्झो मोर्निंग टोरांटोसाठी एकही सामना खेळला नाही, त्याचा करार पैसे देऊन मोडावा लागला. पण कार्टरच्या करारात तेव्हा वर्षं शिल्लक होती. टोरांटोला थांबता आलं असतं. माझ्या मते भाव मागणीने पाडला नाही, विकणाऱ्याच्या घाईने पाडला.

‘तो म्हणेल त्या गावाला’

लेनर्डलाच बघा. २०१८ मध्ये त्याला लॉस एंजेलिसला जायचं होतं हे अख्ख्या अमेरिकेला माहीत होतं. सॅन अँटोनियोने त्याला कुठे पाठवलं? टोरांटोला. दुसरा देश, दुसरी किनारपट्टी, उणे तापमान. तो गेला, खेळला, आणि २०१९ मध्ये टोरांटोला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मग करार संपल्यावर घरी गेला. यात त्याचं काही चुकलं असंही मला वाटत नाही, पण ‘मागितलं आणि मिळालं’ यात मधलं एक संपूर्ण वर्ष बसत नाही.

आणि डेमियन लिलार्ड. हे प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, म्हणून जरा सावकाश.

लिलार्ड पोर्टलंडमध्ये ११ मोसम खेळला. ‘पळून जाणारा मी नव्हे’ ही त्याची ओळख होती. २०२२ मध्ये त्याने कराराला आणखी दोन वर्षं जोडून घेतली, म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यात त्याची चार वर्षं बाकी होती. १ जुलै २०२३ ला त्याने ट्रेड मागितला, आणि ठिकाण एकच: मायामी. त्याचे एजंट आरन गुडविन इतर संघांना फोन करून सांगू लागले की आम्हाला घेण्याच्या फंदात पडू नका, गडी खूश राहणार नाही. गिऱ्हाईकं हाकलून एकच गिऱ्हाईक उरवायचं आणि मग त्याने सांगितलेल्या भावाला विकायला लावायचं, असा तो डाव होता. २८ जुलैला लीगने सगळ्या ३० संघांना पत्र पाठवलं. खेळाडू किंवा त्याचा एजंट ‘दुसरीकडे गेलो तर मनापासून खेळणार नाही’ असं पुन्हा सुचवेल तर कारवाई होईल, असा त्याचा मथितार्थ. एजंटने हाकललेली गिऱ्हाईकं लीगने दारात परत आणून उभी केली.

पोर्टलंडचे जनरल मॅनेजर जो क्रोनिन यांनी पूर्ण जुलै घालवला, पूर्ण ऑगस्ट घालवला. मायामी म्हणत राहिली, त्याला आमच्याकडेच यायचंय ना, मग आम्ही जास्त का द्यावं? सप्टेंबर संपत आला. २७ तारखेला बातमी आली: लिलार्ड मिलवॉकीला.

मायामीच्या समुद्राऐवजी मिशिगन सरोवर. पोर्टलंडला ड्रू हॉलिडे, डिआंद्रे एटन, तुमानी कामारा, मिलवॉकीचा २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक आणि दोन वर्षी अदलाबदलीचा हक्क मिळाला. चारच दिवसांत त्यांनी हॉलिडेला बॉस्टनला देऊन पहिल्या फेरीचे आणखी दोन पिक आणि दोन खेळाडू घेतले. कामारा तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. दुसऱ्या फेरीत निवडलेला पोरगा, आकडे जुळवायला टाकलेला. २०२५ मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम बचाव संघांपैकी दुसऱ्या संघात निवडला गेला.

मग मिलवॉकीने एवढं का दिलं? कारण त्यांना त्यांच्या स्वतःच्या स्टारची धास्ती होती. संघ विजेतेपदासाठी झटतोय असं दिसलं नाही तर पुढचा करार करणार नाही, अशा अर्थाचं यानिस अँटेटोकुम्पो त्याच ऑगस्टमध्ये बोलला होता. लिलार्ड आला आणि महिन्याभरात यानिसने सही केली. खेळाडूचा धाक असतो, हे मजकुरातलं म्हणणं खोटं नाहीच. पण इथे ज्याने ट्रेड मागितला त्याचा धाक चालला नाही. ज्याने काहीच मागितलं नव्हतं त्याचा चालला, आणि तोही तिसऱ्याच गावात.

याच सदरात अँथनी डेव्हिसचं नाव उलट बाजूने घेतलं जातं. त्याला लेकर्स हवे होते, लेकर्सच मिळाले. खरं आहे. पण कधी? जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या एजंटने जाहीर मागणी केली (डेव्हिसला ५०,००० डॉलर दंड झाला, त्याच्या पगाराच्या मानाने चहापाण्याचा खर्च). फेब्रुवारीच्या मुदतीपर्यंत लेकर्स डेव्हिसच्या तेव्हाच्या संघाच्या, न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सच्या, दाराशी ठाण मांडून होते. पेलिकन्स ढिम्म हलले नाहीत. कारण बॉस्टनही रांगेत होतं, आणि बॉस्टनला नियमाने जुलैपर्यंत बोली लावता येत नव्हती: एका विशिष्ट प्रकारच्या वाढीव करारावरचे दोन खेळाडू बाहेरून आणायला तेव्हा बंदी होती आणि कायरी अर्व्हिंग त्या करारावर आधीच बॉस्टनमध्ये होता. म्हणजे श्रीमंत गिऱ्हाईक जुलैत येणार हे दिसत असताना फेब्रुवारीत दुकान बंद का करायचं? पेलिकन्स थांबले. जूनमध्ये लेकर्सनी लोंझो बॉल, ब्रँडन इंग्रम, जॉश हार्ट आणि पहिल्या फेरीचे तीन पिक मोजले. बॉस्टनने शेवटी काहीच विकत घेतलं नाही. ते रांगेत उभं होतं, एवढंच पुरलं.

लेकर्स २०२० मध्ये जिंकले. पेलिकन्सनी मिळालेल्याचं सोनं केलं नाही. पण माल चांगल्या भावाने विकणं आणि आलेल्या पैशाचं नीट काही करणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

जेम्स हार्डनला मात्र मी यातून वगळतो. जानेवारी २०२१ ते नोव्हेंबर २०२३ या तीन वर्षांच्या आत त्याने तीन संघ सोडले आणि तीनही वेळा हवं ते गाव मिळवलं. मजकूर बहुधा त्याच्याकडे बघूनच लिहिलेला असावा. तरी पहिल्या खेपेला ह्यूस्टनने ब्रुकलिनला पिकच्या बाबतीत धुऊन काढलं होतं. त्यातल्या एका पिकवर ह्यूस्टनने २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकाला रीड शेपर्ड घेतला.

‘करार म्हणजे रद्दी’

यावर वाद घालण्यापेक्षा एक प्रयोग दाखवतो. तो कुणी मुद्दाम केला नव्हता, आपोआप घडला. संघ एक, आठवडा एक, नाराज स्टार दोन.

ब्रुकलिन, फेब्रुवारी २०२३. कायरी अर्व्हिंगच्या करारात उरले होते जेमतेम पाच महिने. ३ तारखेला त्याने ट्रेड मागितला, ५ तारखेला तो डॅलसचा झाला. तीन दिवस. बदल्यात स्पेन्सर डिनविडी, डोरियन फिनी-स्मिथ, पहिल्या फेरीचा एक पिक आणि दुसऱ्या फेरीची चिल्लर.

केव्हिन ड्युरांटने त्याच संघाकडे ट्रेड मागितला होता ३० जून २०२२ ला. त्याचा चार वर्षांचा, १९ कोटी डॉलरच्या वरचा करार अजून सुरूही व्हायचा होता. ऑगस्टमध्ये बातमी आली की त्याने मालक जो त्साय यांना पर्याय दिला: मी, नाहीतर प्रशिक्षक स्टीव्ह नॅश आणि जनरल मॅनेजर शॉन मार्क्स. त्साय यांनी जाहीर सांगून टाकलं की आपला पाठिंबा व्यवस्थापनाला आणि प्रशिक्षकांना आहे. २३ ऑगस्टला संघाने पत्रक काढलं की आपण सगळे मिळून पुढे जायचं ठरवलंय. ५४ दिवस झाले होते आणि ड्युरांट जिथल्या तिथे होता. (नॅश मात्र नोव्हेंबर उजाडताच गेले. मोसमाची सुरुवातच वाईट झाली होती.) अर्व्हिंग गेल्यावर, ९ फेब्रुवारीला, ड्युरांट फिनिक्सला गेला. त्याचा भाव: मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, पहिल्या फेरीचे कुठल्याही अटीविना चार पिक आणि वर एक अदलाबदल. पुढच्या वर्षी ब्रुकलिनने एकट्या ब्रिजेसला न्यूयॉर्कला विकून पहिल्या फेरीचे आणखी पाच पिक आणले.

कुणी म्हणेल, ड्युरांट कुठे आणि अर्व्हिंग कुठे. मान्य, अर्व्हिंगसोबत येणाऱ्या कटकटींची किंमत त्याच्या भावातून वजा झालीच. पण तीन दिवस आणि सात महिने यातलं अंतर स्वभावाने भरून निघत नाही. ते भरून निघतं करारातल्या वर्षांनी. खेळाडूच्या हातात खरं हुकमाचं पान एकच, ‘मी फुकटात निघून जाईन’. जितकी वर्षं बाकी, तितकं ते पान कमी दराचं. म्हणूनच लेब्रॉनने क्लीव्हलँडच्या दुसऱ्या डावात एकेक, दोन-दोन वर्षांनी बाहेर पडता येईल असेच करार केले. करार रद्दी असता तर तो लांब करायला काय हरकत होती?

बेन सिमन्सने हे पान नसताना डाव लावून पाहिला. २०२१ मध्ये त्याची चार वर्षं शिल्लक होती. फिलाडेल्फियात पुन्हा खेळणार नाही म्हणाला आणि खरोखर खेळला नाही. संघाने प्रत्येक चुकलेल्या सामन्याचे पैसे कापायला सुरुवात केली, सामन्यामागे साधारण ३,६०,००० डॉलर. संघाचा कारभार पाहणाऱ्या डॅरिल मोरी यांना सगळे सांगत होते की मिळेल ते घ्या आणि विषय मिटवा. ते फेब्रुवारीपर्यंत बसून राहिले, तोवर ब्रुकलिनमध्ये हार्डन कंटाळला, आणि दोन रुसलेल्यांचं साटंलोटं झालं. सिमन्सने कापलेल्या जवळपास दोन कोटी डॉलरसाठी लवादाकडे दाद मागितली. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं.

कोबी ब्रायंटनेही २००७ मध्ये जाहीर ट्रेड मागितला होता. रेडिओवर, एका दिवसात दोन-तीनदा मत बदलत. लेकर्सनी त्याला विकलंच नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये पाव गॅसोल आणला, पुढच्या तीनही फायनल खेळल्या, दोन जिंकल्या. मागणीवरचं सगळ्यात स्वस्त उत्तर कधीकधी हेच असतं.

‘पूर्वी असं नव्हतं’

करीम अब्दुल-जब्बारने १९७४ मध्ये मिलवॉकीला सांगितलं की न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस. १९७५ मध्ये तो लेकर्सकडे गेला. विल्ट चेंबरलेन त्याआधीच, १९६८ मध्ये, फिलाडेल्फियाहून तिथे गेला होता. ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी, हे मजकुरात लिहिलेलं नाही.

करीमच्या बदल्यात मिलवॉकीला मिळालेल्या चौघांत ज्युनियर ब्रिजमन नावाचा एक खेळाडू होता. खेळणं संपल्यावर त्याने वेंडीजच्या बर्गरच्या दुकानांत पैसा केला आणि २०२४ मध्ये मिलवॉकी बक्सची १० टक्के मालकी विकत घेतली. ट्रेडमध्ये मिळालेला माणूस ४९ वर्षांनी मालकांत जाऊन बसला. त्या सौद्याचा हिशेब अजून मांडायचाच झाला तर हेही मांडा.

‘निष्ठे’बद्दल मात्र जरा गंभीरपणे. १९७६ पर्यंत एनबीएत खेळाडूचा करार संपला तरी तो संघाचाच राहायचा. दुसऱ्याकडे जायचं स्वातंत्र्यच नव्हतं. ऑस्कर रॉबर्टसन खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना १९७० मध्ये त्याने याविरुद्ध खटला भरला, सहा वर्षांनी तडजोड झाली, आणि करार संपलेल्या खेळाडूला हळूहळू मोकळं होता येऊ लागलं. ज्याच्या पायात बेडी आहे तो जागेवर थांबला तर त्याला निष्ठा म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी म्हणत नाही.

आणि निष्ठा दुसऱ्या बाजूने किती असते? लेनर्डच्या बदल्यात टोरांटोने ज्याला दिलं त्या डिमार डिरोझनला तिथेच कारकीर्द संपवायची होती. त्याला विचारलं गेलं नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री डॅलसने लुका डोन्चिचला लेकर्सना विकून टाकलं. आदल्याच मोसमात त्याने संघाला फायनलला नेलं होतं, ट्रेड मागितला नव्हता, त्याला कल्पनाही नव्हती. या ट्रेडमुळे डॅलसकडून त्याला मिळू शकणारा पाच वर्षांचा, ३४ कोटी डॉलरच्या वरचा करारही हातचा गेला. खेळाडूंचं राज्य असतं तर राजाला आपली बदली बातमीतून कळली नसती.

‘आयपीएल बरी’ म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत. आयपीएलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होत नाही. एनबीएत सहसा संमती विचारावी लागत नाही, करारात तसं खास कलम लिहून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. या एका बाबतीत रवींद्र जडेजा डोन्चिचपेक्षा मोकळा आहे. अर्थात याच जडेजाला इतर संघांशी परस्पर बोलणी केल्याबद्दल २०१० चा पूर्ण मोसम बाहेर बसावं लागलं होतं, हेही तितकंच खरं.

‘संघाचे हात बांधले जातात’

बांधले जातात, पण हल्ली ते खेळाडू बांधत नाही, नियम बांधतात. आणि तीच दोरी खेळाडूच्याही गळ्यात असते.

जिमी बटलरचं उदाहरण घ्या. २०२४ च्या डिसेंबरात तो मायामीत रुसला. अध्यक्ष पॅट रायली यांनी जाहीर केलं, आम्ही त्याला ट्रेड करणार नाही. जानेवारीत संघाने त्याला आधी सात सामने, मग दोन, मग बेमुदत असं तीनदा निलंबित केलं. त्याला जायचं होतं फिनिक्सला. फिनिक्सलाही तो हवा होता. अडलं कुठे? लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारानंतर संघाच्या एकूण पगाराचा एक वरचा उंबरठा ठरला आहे. तो ओलांडलेल्या संघाला दोन-तीन छोटे पगार एकत्र बांधून एक मोठा पगार आणता येत नाही, आणि जेवढा पगार जातो त्यापेक्षा जास्त पगार आत घेता येत नाही. फिनिक्स त्या उंबरठ्याच्या पार पलीकडे होतं. बटलरचा पगार ४ कोटी ८८ लाख डॉलर. त्याला बसेल असा, सुटता येण्यासारखा एकच पगार फिनिक्सकडे होता: ब्रॅडली बीलचा, ५ कोटी २ लाख. आणि बीलकडे ते दुर्मिळ कलम होतं, माझ्या परवानगीशिवाय मला ट्रेड करायचं नाही. बील हलला नाही.

म्हणजे एका स्टारची मागणी दुसऱ्या खेळाडूच्या नकाराने अडली, आणि दोन्ही संघ बघत राहिले. बटलर शेवटी गोल्डन स्टेटला गेला, जे त्याच्या मनात पहिलं नव्हतं. तिथे त्याला नवा करार मिळाला, त्यामुळे फार अश्रू ढाळायची गरज नाही. रायलींनाही ‘करणार नाही’ म्हटलेलं सहा आठवड्यांत करावं लागलं, आणि प्लेऑफच्या पहिल्या फेरीत क्लीव्हलँडने मायामीला चार सामन्यांत मिळून १२२ गुणांनी हरवलं, जे याआधी कुठल्याही मालिकेत झालं नव्हतं. या सौद्यात कोण जिंकलं हे मला आजही सांगता येणार नाही. ‘राज्य’ कुणाचं होतं हे तर त्याहून नाही.

लिलार्डचं पुढे काय झालं ते राहिलंच. मिलवॉकी २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये, दोन्ही वेळा प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत हरलं, दोन्ही वेळा हॅलिबर्टनच्या पेसर्सकडून. दुसऱ्या खेपेला लिलार्डच्या टाचेचा स्नायूबंध तुटला. त्या जुलैत बक्सनी त्याला सोडून दिलं आणि उरलेला पगार पाच वर्षांवर पसरवला, दरवर्षी सुमारे २ कोटी २५ लाख डॉलर. तो न खेळताही ते त्यांच्या खात्यातून जात राहणार आहेत. काही दिवसांत लिलार्ड पोर्टलंडला परत आला, तीन वर्षांच्या करारावर. त्याच उन्हाळ्यात पोर्टलंडने बॉस्टनकडून ड्रू हॉलिडेलाही परत आणलं होतं. ज्याला दिलं तोही आला, ज्याला घेऊन लगेच विकलं तोही आला, आणि मधल्या मधे मिळालेला कामारा आहेच.

लिलार्डने या नव्या करारात एक कलम आवर्जून लिहून घेतलं: माझ्या परवानगीशिवाय मला ट्रेड करायचं नाही.